तीन मोजेपर्यंत

महापूर ओसरून दोन महिने लोटले, तेव्हा कुठे परदेशी पथकाचे पांढरे तंबू शाळेच्या मैदानात उभे राहिले. लहान मुलांचे दंड मोजायला त्यांना माणूस हवा होता, आणि शिंपीणबाईंच्या बोटांना मापाखेरीज दुसरं काही ठाऊकच नव्हतं. पथकाच्या नर्सने त्यांच्या हाती तीन रंगांची फीत दिली. हिरवा रंग आला तर मूल घरी. पिवळा आला तर आठवड्याने पुन्हा. लाल आला तर तंबूतली खाट, औषधी खुराक आणि जगण्याची आशा.

"पण आधी पाय," नर्सने दुभाष्याकरवी बजावलं होतं. "दोन्ही पावलांवर अंगठे दाबून तीन मोजा. खड्डा राहिला, तर फीत काहीही म्हणो, मूल आत. उपासमारीनेही अंग सुजतं. सूज म्हणजे मांस नव्हे."

दहा दिवस शिंपीणबाईंनी एकही पाऊल दाबायचं सोडलं नाही.

अकरावा दिवस शेवटचा. दुपारनंतर पथक तराफ्यांवरून नदीपलीकडे जायचं होतं. त्या सकाळी रांगेतून त्यांची भावजय पुढे आली. कडेवर दीड वर्षाचा भाचा. त्याच्या पायांत मदतीच्या गाठोड्यातले लोकरीचे मोजे, घोट्याशी नाडीने करकचून बांधलेले.

"वन्सं, नीट बघा हो याला. काही खात नाही. रडतसुद्धा नाही, नुसता बसून असतो."

मागे कुणीतरी खाकरलं. "आता काय, फीत घरचीच! आवळली की लाल, सोडली की हिरवी."

रांग खदखदून हसली. शिंपीणबाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. गिऱ्हाइकाच्या कापडातली वीतभर चिंधीही त्यांनी कधी ठेवून घेतली नव्हती. त्यांनी भाच्याचा गाल चिमटीत धरला.

"हा कुठे वाळलाय? चांगलं बाळसं धरलंय की! खुराक तुलाच हवाय, असं सरळ सांग ना."

"मला?" भावजयीने भाच्याला कडेवर सावरलं.

"बाई, उरका," दुभाष्या ओरडला. "अजून साठ मुलं आहेत."

नाडीची गाठ ओली होऊन घट्ट बसली होती. शिंपीणबाईंनी दोनदा नख घातलं, मग नाद सोडला. फीत दंडाभोवती फिरवली.

"हिरवा!" साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. "पुढचं."

"मोजे काढते ना मी, वन्सं..."

"पायांना काय धाड भरलीय? चल, लोकांचा खोळंबा होतोय."

भावजय वळली. तिच्या खांद्यावरून भाचा आत्याकडे पाहत राहिला. त्याच्या गालावर चिमटीच्या दोन खुणा होत्या, ओल्या मातीत बोट रुतावं तशा.

दुसऱ्या दिवशी मैदानात तंबूंखालच्या पिवळ्या गवताचे चौकोन तेवढे उरले होते. शिंपीणबाई झगा बेतत होत्या. कापडावर अंगठ्याने घडी दाबली, आणि दाबाची खूण तशीच राहिली. भाच्याच्या गालावरच्या त्या खुणा अजून भरून आल्या नसतील, असं त्यांच्या मनात आलं. हातातली कात्री तशीच घेऊन त्या भावाच्या घराकडे धावल्या.

भाऊ दारातच हसला. "ये ताई. तू हिरवा म्हणालीस आणि जीव भांड्यात पडला."

भावजय ओशाळून म्हणाली, "चुकलंच माझं. तुम्ही रागावलात ते बरोबरच होतं. बाळसंच ते. बघा, सकाळपासून कसा गाढ निजलाय."

शिंपीणबाई खाटेशी बसल्या. कात्रीने नाड्या कापल्या, मोजे उतरवले. दोन्ही पावलांवर अंगठे ठेवले. एक. दोन. तीन.

अंगठे उचलले, तरी खड्डे तसेच राहिले. पावलं गार होती. अंगावरची चादर हलत नव्हती.

"काय गं, माप बरोबर आलं ना?" मागून भावाने विचारलं.

त्यांनी दोन्ही मोजे पुन्हा चढवले, कापलेल्या नाड्यांची टोकं जुळवून गाठ मारली.

"बरोबर आलं," त्या म्हणाल्या. "निजू दे त्याला."