सहा पिशव्यांचं घर

“नाही म्हणजे नाही, भावजी,” थोरली म्हणाली. “चहा घ्या, बसा, पोटभर गप्पा मारा. पण पैसे नाहीत.”

दीर हसला. वहिनीच्या तोंडून ‘नाही’ तो नेहमीच ऐकत आला होता, आणि त्यानंतर दादाच्या खिशातून ‘होय’ही नेहमीच निघत आलं होतं. म्हणून त्याने सवयीने दादाकडे पाहिलं. दादा खिडकीशी बसून पायाच्या अंगठ्याचं नख कापत होता. एवढं मन लावून त्याने जन्मात कधी नख कापलं नसेल.

“दादा, गाडीचं इंजिन खोलायचंय. आठ हजार फक्त. दोन महिन्यांत परत देतो.”

“तिला विचार.”

“विचारलं की! ती नाही म्हणतेय.”

“मग झालं तर,” दादा अंगठ्याकडे बघत म्हणाला.

दिराने चहा अर्धा टाकला, चपला पायात सरकवल्या आणि जिन्यातून जाताना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, “चांगलं आहे. परक्यासारखं वागवा.”

थोरलीने कप विसळला. 

माहेरी त्या दोघीच बहिणी, म्हणून ही थोरली आणि ती धाकटी. पन्नाशी आली तरी दोघींची नावं तीच राहिली. थोरलीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. माणूस सोन्यासारखा, पण हाताला भोक. कुणी ‘अडलंय’ म्हटलं की याचा हात खिशात. कर्णाचा अवतारच! कर्णाच्या बायकोने घर कसं चालवलं असेल, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आदल्या वर्षी त्यांच्या घरची वीज कापली होती. बिलाचे पैसे तिने बाजूला काढले होते, पण ते मिस्त्रीने परस्पर भावाला दिले आणि सांगायला विसरला. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींतल्या लिफ्ट चालू करणारा माणूस घरी येऊन अंधारात मेणबत्ती चाचपत होता. लेकीची परीक्षा जवळ आली होती. ती शेजारी अभ्यासाला गेली, तर शेजारीण म्हणाली, “बस हो बाळ. आमच्याकडे असतो उजेड.” ते वाक्य लेक विसरली. थोरली नाही विसरली.

ती कामाला होती रुग्णालयाच्या धुलाई विभागात. वाफेत, इस्त्रीच्या गरम रुळांवरून चादरी काढायच्या आणि घड्या घालायच्या. तिथला एक नियम होता: ज्या वॉर्डची चादर, त्याच वॉर्डच्या पिशवीत. एखाद्या वॉर्डात चादरी कमी पडल्या, सिस्टरने फोनवर आकाशपाताळ एक केलं, तरी शेजारच्या पिशवीला हात लावायचा नाही. नवी असताना थोरलीने दया येऊन एकदा चार चादरी इकडच्या तिकडे दिल्या होत्या. संध्याकाळपर्यंत पाच वॉर्ड एकमेकांच्या नावाने ओरडत होते आणि कुणाचं कुणाकडे आहे ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

तोच नियम तिने घरात आणला. धाकटीचं शिवणकामाचं लहानसं दुकान होतं, तिथल्या उरलेल्या कापडाच्या सहा पिशव्या तिने शिवून घेतल्या आणि कपाटाच्या दाराला आतून खिळे ठोकून टांगल्या. भाडं, किराणा, वीज आणि गॅस, लेकीची शाळा, आजारपण. सहावी वरखर्चाची, तिच्यातले निम्मे मिस्त्रीचे, निम्मे तिचे, आणि त्यांचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. पगार झाला की सहाच्या सहा भरायच्या. एकीतलं दुसरीत घालायचं नाही आणि उसने तर कुणालाच द्यायचे नाहीत.

“कुणालाच नाही?” मिस्त्रीने विचारलं होतं.

“कुणालाच नाही.”

“तुझ्या माहेरचं कुणी आलं तर?”

“आलं तरी! मी काय आपला तो बाब्या करणारी वाटले का?”

म्हणायला काय जातं? माहेरचं म्हणजे एकटी धाकटी, आणि धाकटीचं दुकान तेव्हा बरं चाललं होतं.

सुरुवातीला घरात हसण्यावारी गेलं. मिस्त्री तिला ‘अर्थमंत्री’ म्हणायचा. लेक म्हणायची, “आई, शिंक आली तर कुठल्या पिशवीतून?” किराण्याची पिशवी पहिल्या महिन्यात लवकरच तळाला गेली, तेव्हा शेवटचे दिवस सगळ्यांनी बिनसाखरेचा चहा प्यायला. शाळेच्या पिशवीत पैसे होते, पण थोरलीने त्या पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या महिन्यात तिने तेल बेताने वापरलं आणि साखर पुरली. हळूहळू घराला वळण लागलं. विजेचं बिल आलं की लेक स्वतःच खिळ्यावरून पिशवी काढायची. मिस्त्री बाहेर ‘अडलंय’वाल्यांना सांगायचा, “बाबा रे, घरी पिशव्या आहेत.” लोक हसायचे, तोही हसायचा. मनातून त्याला हायसंच वाटत असावं, कारण नाही म्हणायची कला त्याला कधी जमली नव्हती आणि आता ती बायकोने त्याच्यासाठी करून ठेवली होती.

दिराने मात्र गाडी विकली. मिळेल त्या किमतीला विकली आणि चालत कामावर जायला लागला. सुट्टीच्या दिवशी मिस्त्री न सांगता भावाकडे जायचा, त्याच्या घराचं काही दुरुस्त करून द्यायचा आणि गप्प परत यायचा. थोरली विचारायची नाही. तो सांगायचा नाही.

आणि मग एका रविवारी दुपारी धाकटी आली.

ती नेहमी हसत, काहीतरी बडबडत यायची. त्या दिवशी दारातच चप्पल नीट जोडून ठेवत बसली, तेव्हाच थोरलीच्या लक्षात आलं.

“ताई, दुकानाच्या मालकाला सहा महिन्यांचं भाडं एकदम हवंय,” ती म्हणाली. “मोबाइल दुरुस्तीवाला एक जण पैसे हातात घेऊन उभा आहे. परवापर्यंत दिले नाहीत तर गाळा त्याला. माझ्याकडे थोडे आहेत. पंधरा हजार कमी पडतायत.”

लेकीच्या शाळेच्या पिशवीत अठरा हजार होते. पुढच्या महिन्याची फी. थोरलीला ते माहीत होतं, मिस्त्रीला माहीत होतं आणि पिशवी शिवणाऱ्या धाकटीलाही ती भरत आल्याचं माहीत होतं, कारण थोरलीनेच तिला कौतुकाने सांगितलं होतं.

मग मिस्त्रीच म्हणाला, “अगं, दे की. मी काही म्हणणार नाही.”

तो मनापासून म्हणाला, आणि म्हणूनच थोरलीला ते सहन होईना. टोमणा मारला असता तर भांडता तरी आलं असतं. ती स्वयंपाकघरात गेली, तिथून तिने त्याला हाक मारली आणि हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही म्हणणार नाही. पण भावजी चालत कामाला जातायत. त्यांना काय सांगू? की ते तुमचे होते म्हणून नाही, आणि ही माझी आहे म्हणून हो?”

“त्याला नको कळू दे.”

“मला तर कळेल ना!”

“अगं, ती बहीण आहे तुझी. आई गेल्यावर तूच वाढवलंस तिला.”

“म्हणून तर,” थोरली म्हणाली, आणि तिला हुंदका आला. तिने नळ मोठा सोडला. दोन खोल्यांच्या घरात नळाच्या आवाजाने काय लपतंय? बाहेर धाकटीने सगळं ऐकलं होतं.

थोरली चहा घेऊन बाहेर आली. “धाकटे, माझ्या वरखर्चाचे अकराशे आहेत. ते माझे आहेत, ते सगळे घेऊन जा. बाकीच्या पिशव्यांना...”

“राहू दे ताई,” धाकटी म्हणाली. “अकराशेवर मालक ऐकणार नाही. मला कळतंय. खरंच कळतंय.”

तिने चहा पूर्ण प्यायला. कप धुऊन उपडा ठेवला. “दाजी, येते,” म्हणाली. भाचीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेली. भांडली नाही, रुसली नाही. थोरलीला वाटत राहिलं, निदान एक वाक्य टाकून बोलली असती तर बरं झालं असतं.

फी वेळेवर भरली गेली. गाळा मोबाइलवाल्याला गेला.

बातमी दिरापर्यंत पोचायला किती वेळ लागणार? एका संध्याकाळी तो स्वतःहून आला. या वेळी बसला, चहा सगळा प्यायला आणि म्हणाला, “वहिनी, खरं सांगू? मला वाटलं होतं तुमचा राग आमच्यावरच आहे. पण सख्ख्या बहिणीला नाही म्हणायला वाघाचं काळीज लागतं. मानलं तुम्हाला.” मग जरा लाजत म्हणाला, “आमच्या घरीही लावल्यात पिशव्या. चारच आहेत. हिने शिवल्या, वेड्यावाकड्या झाल्यात.”

मिस्त्रीचा चेहरा असा उजळला की थोरलीने बऱ्याच दिवसांत तसा पाहिला नव्हता. इतकी वर्षं तिला या दिराच्या तोंडून दोन चांगले शब्द हवे होते. आज मिळाले, आणि तिला ते गिळवेनात. भाजी बघायचं निमित्त करून ती उठली आणि गॅससमोर उभी राहून रडली. काय किमतीला मिळाले होते ते शब्द!

धाकटीला एका मोठ्या दुकानात नोकरी लागली. पैसे घ्यायच्या खिडकीवर दिवसभर उभं राहायचं. निळा गणवेश, छातीवर बिल्ला. शिवणयंत्र तिने घरी नेलं म्हणे. थोरलीने फोन केला की ती उचलायची, गोड बोलायची. “कामावर आहे गं ताई. नंतर करते.” ते ‘नंतर’ काही यायचं नाही.

ते दुकान थोरलीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं, आणि किराणा तिथे सगळ्यांत स्वस्त. पण थोरलीने ती वाट सोडली. ती पलीकडच्या चौकातल्या दुकानात जायला लागली. तिथे सगळंच थोडं थोडं महाग. जी बाई कोथिंबिरीच्या काडीचा हिशेब करायची, ती डोळ्यांदेखत तेलाला, डाळीला, साबणाला जास्तीचे मोजत होती आणि स्वतःला सांगत होती की इथला माल चांगला असतो.

पिशवीला असलं काही सांगून चालत नाही. महिना संपायला आठवडा असताना किराण्याची पिशवी रिकामी झाली. लेकीने आत हात घालून पाहिला. “आई, हे कसं काय?”

“महागाई,” थोरली म्हणाली.

मिस्त्री जेवता जेवता थांबला. “महागाई काय फक्त त्याच चौकात आहे?” त्याने विचारलं. वर पाहिलं नाही. “वरखर्चातले माझे घे. आणि जवळच्या दुकानात जा. किती दिवस लपशील?”

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती गेली. मोजकंच घेतलं: तेलाची पिशवी, डाळ, तांदूळ, कपडे धुवायची पावडर. पैसे घ्यायच्या तीन खिडक्या होत्या. धाकटी मधल्या खिडकीवर होती. थोरली मुद्दाम कडेच्या रांगेत उभी राहिली, मान खाली घालून. तिचा नंबर यायला आला, आणि त्या खिडकीवरचा मुलगा म्हणाला, “मशीन बंद पडलंय. मधल्या रांगेत जा.”

मधली रांग लांब झाली. माणसं वैतागली होती. थोरली पुढे सरकत गेली आणि तिची वेळ आली.

धाकटीने वर पाहिलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. केस घट्ट बांधलेले होते. शिवताना ती कधी केस बांधायची नाही, ओठांत टाचण्या धरून मोकळ्या केसांनीच बसायची. क्षणभर तिचे हात थांबले, मग तिने डाळ उचलली, मशीनपुढून फिरवली, मग तांदूळ. थोरलीला किती दिवस पाठ केलेलं सगळं विसरायला झालं.

“ताई, हे कुठलं तेल घेतलंस?” धाकटीने पिशवी उलटी करून पाहिली. “हे महाग आहे. तिकडे शेवटच्या फळीवर खाली मोठा डबा आहे, आजच कमी केलाय. तुला सव्वा महिना जाईल. आणि ही पावडर ठेवून दे. सोमवारपासून स्वस्त होणार आहे, तोवर घरातली पुरव.”

“राहू दे गं,” थोरली कशीबशी म्हणाली. “लोक खोळंबलेत.”

“जा, घेऊन ये. मी थांबते.”

मागून एका गृहस्थाने घसा साफ केला. “अहो बाई, आम्ही काय इथेच मुक्काम करायचा का?”

“दोन मिनिटं थांबा,” धाकटी त्याला म्हणाली. तिने थोरलीची डाळ आणि तांदूळ एका बाजूला नीट लावून ठेवले. “बहीण आहे माझी.”

थोरली शेवटच्या फळीकडे गेली. खाली वाकली. डबे ओळीने मांडले होते आणि प्रत्येकाखाली किमतीची चिठ्ठी होती, ठसठशीत आकड्यांची. तिने पदराने डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं. तरीही आकडा काही वाचता येईना. मग तिने हाताला आला तो डबा उचलला, छातीशी धरला आणि रांगेतल्या लोकांची माफी मागत परत चालू लागली.