विहिणींचा साबण

माझं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या सासूबाई, हेस्टर, आमच्याकडे आल्या. जेवणाआधी परसात हात धुतले आणि तिथूनच ओरडल्या, "तुमच्या खोऱ्यातला साबण म्हणजे नुसता शेंबूड हो!"

माझी आई, ऑर्लेना, तेव्हा ताटं मांडत होती. ते तिच्या जिव्हारी लागलं. हिवाळ्यात डुक्कर मारल्यावर साठवलेली सगळी चरबी तिनं बाहेर काढली, चुलीतल्या राखेचं क्षारपाणी गाळलं आणि अंगणात कढई चढवली. लग्न सासरच्या अंगणात, तेही तोंडावर आलेलं, आणि साबण विहिणीला आहेर म्हणून न्यायचा होता. साबण ओतून एक रात्र उलटली नाही, तर आई सुरी घेऊन वड्या पाडायला बसली.

"अगं, त्याला वाळू तरी दे," बाबा म्हणाले.

"वाटेत वाळेल."

वाटेत कसला वाळतोय! केंटकीच्या डोंगरातला आमचा तो खडबडीत रस्ता, खेचराची गाडी आणि डोक्यावर ऊन. लग्न लागलं, बायका सासूबाईंच्या अंगणात जमल्या आणि आईनं ऐटीत वड्यांची पेटी उघडली. वड्या कुठल्या? आत एकच पिवळट गोळा, आणि वरून घातलेला भरतकामाचा रुमाल त्यात अर्धा रुतलेला.

बायका माना उंचावून बघू लागल्या. माझा नवरा आर्विल कानात पुटपुटला, "आता जुंपणार."

सासूबाईंनी गोळ्यात बोट खुपसलं. "मीठ घातलं होतंत, विहीणबाई?"

"घाईत राहिलं," आई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"मग घट्ट कसा होईल? चला, परत उकळू. माझी कढई मागं आहे."

सगळी वरात मागच्या दारी गेली. कढईला गंज चढला होता आणि आत गवतावर कोंबडी अंडी उबवत बसली होती.

आईनं कोंबडीकडे पाहिलं, मग विहिणीकडे. "किती वर्षं झाली हो, साबण करून?"

सासूबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "खांदा धरलाय माझा. ढवळता येत नाही. दुकानातून आणते. कुणाला सांगू नका हं."

"अहो, सगळं गाव ऐकतंय!"

आधी आईच खुदकन हसली, मग सासूबाई, आणि मग कुणालाच आवरेना.

आर्विलनं कोंबडीला घरट्यासकट टोपलीत हलवलं. तिनं त्याला चांगलंच टोचलं. कढई घासली, जाळ घातला. आई लग्नातल्या झग्याच्या बाह्या सारून ढवळू लागली आणि सासूबाई मुठीत मीठ धरून शेजारी खुर्चीवर बसल्या.

"घाला ना आता!"

"थांबा."

"आता?"

"थांबा हो जरा! दूध आहे का उतू जायला?"

ओट्यावर कुणीतरी फिडल वाजवायला घेतलं होतं. आई त्याच्या ठेक्यावर ढवळत राहिली. शेवटी मीठ पडलं, साबण फाटून वर तरंगला आणि दोघींनी तो ओलं फडकं घातलेल्या लाकडी पेटीत काढला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी गाडी जुंपली, तर आई हलेना. "घट्ट झाल्याशिवाय कापायचा नाही, असं आमचं ठरलंय." बाबा एकटेच गेले.

मग रोज सकाळी दोघी अंगठ्यानं दाबून बघत. कापल्यावर वड्या माळ्यावर मांडल्या, वारा खेळावा म्हणून एकमेकींपासून सुट्या. कुणाला हात लावू देतील तर शपथ. आम्हा नवरानवरीकडे कुणाचं लक्षच नव्हतं, आणि त्याची आमची काही तक्रारही नव्हती.

पुढच्या आठवड्यात बाबा आले. अंगातला सदरा चिखलानं माखलेला. "घरात धुतलेला एक कपडा उरला नाही. निदान एक वडी तरी द्या."

"अजून ओला आहे!" दोघी एकदम म्हणाल्या.

बाबांनी मुकाट्यानं खेचर सोडलं आणि जेवायला काय आहे ते विचारलं.