भिंत फोडायच्या आधी

सईबाईंची एक खोड होती. घरात काही बिघडलं की त्या आधी माणूस निवडत बसायच्या, आणि त्यांचा माणूस निवडून होईपर्यंत बिघाड चांगला मुरायचा. चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या त्या जुन्या फ्लॅटमध्ये गिझर चालू असताना नळाला हात लावला की खांद्यापर्यंत झिणझिण्या यायच्या. पण अ‍ॅपवरून बोलावलेला इलेक्ट्रिशियन सईबाईंना चालणार थोडाच! "ना गाव ना नाव, कोण कुठला! उद्या काही जळालं तर कोणाच्या दारात जाऊन ओरडू?" त्यांना एळुमलैच हवा होता. तो गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर सापडायचा, आणि आजूबाजूच्या निम्म्या घरांतले पंखे त्याच्या हातचे होते. त्याला सवड होईपर्यंत सगळ्यांनी गार पाण्याने अंघोळ करायची, असा हुकूमच सुटला.

घरात माणसं तीनच. सईबाई, मुलगा कार्तिक आणि सून कौमुदी. कौमुदी साताऱ्याची, बँकेच्या बदलीने चेन्नईला आली आणि कार्तिकच्या प्रेमात पडून इथलीच झाली. सासर तंजावरी मराठी. सईबाईंची मराठी पणजोबांच्या काळातली, वर तमिळची फोडणी. पहिल्या वर्षी सासूचं निम्मं बोलणं सुनेला कळायचं नाही आणि सुनेचं निम्मं सासूला. पण भांडायला तेवढं पुरायचं, आणि माया करायलाही.

तर आता कौमुदीला दिवस गेले होते, आणि ते सईबाईंना ठाऊक नव्हतं.

ही तिसरी खेप. पहिल्या वेळी दोघांनी हौसेने साऱ्या जगाला सांगितलं, पेढे वाटले, आणि मग व्हायचं ते झालं. त्यानंतर जो तो सांत्वनाला येऊन डोक्यावर बसला. दुसऱ्या वेळी एकट्या सईबाईंना सांगितलं. त्यांनी सुनेला तळहाताच्या फोडासारखं जपलं, दुपारी बँकेत फोन करून जेवलीस का विचारलं, कुठल्या कुठल्या देवळांना नवस बोलून ठेवले. तेही राहिलं नाही. आणि त्या दिवसापासून सईबाईंनी हा विषयच टाकला. जी बाई भाजीवालीच्या जावयाचीसुद्धा खबर ठेवते, तिने या गोष्टीवर चकार शब्द काढू नये? कौमुदीने त्याचा एकच अर्थ लावला. सासूबाई रागावल्या आहेत. त्यांच्या मनातून आपण उतरलो.

म्हणून या वेळी नवऱ्याशिवाय कुणाला कळू द्यायचं नाही, असं तिने पक्कं ठरवलं होतं. हेही गेलं तर निदान पुन्हा त्या मुकेपणासमोर बसून जेवायला नको. कार्तिकला मात्र त्या झिणझिण्यांची धास्ती बसली होती. "आई, गिझरचं आधी कर, गिझरचं आधी कर," असं टुमणं त्याने लावून धरलं, आणि एका शनिवारी सकाळी तो शोळिंगनल्लूरच्या ऑफिसला निघून गेल्यावर एळुमलै उगवला.

माणूस जाडजूड, कपाळावर विभूती, आणि हात लावल्याशिवाय मत द्यायचं नाही असा. त्याने बटणांचा बोर्ड उघडला, टेस्टर लावला, भिंतीतल्या पाइपातून तार सारून पाहिली. तार अर्ध्यात अडली. मग तो सईबाईंना तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, बाथरूमला अर्थिंगच नाही. नवीन वायर ओढायची तर हा पाइप बुजलेला. मेन बोर्डापासून तिथपर्यंत भिंत फोडावी लागेल."

"फोड बाबा. एकदाची कटकट मिटव."

त्याने जमिनीवर जुनी चादर अंथरली, छिन्नी-हातोडा काढला, भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. आणि मेन स्विच बंद केलात ना, हे जितक्या सहज विचारावं तितक्या सहज त्याने विचारलं, "घरात कुणी गरोदर नाही ना?"

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या कौमुदीने चौकट घट्ट धरली. एव्हाना तिला ही इकडची रीत ठाऊक झाली होती. घरात पोटुशी बाई असेल तर भिंत फोडायची नाही, खिळासुद्धा ठोकायचा नाही. कामगारसुद्धा विचारल्याशिवाय हात घालत नाहीत. नको बाबा, कुणाचा तळतळाट कशाला घ्या.

"नाही रे," सईबाई म्हणाल्या. "इथे कोण असणार?"

ते 'कोण असणार' कौमुदीला झोंबलं. अस्सं! म्हणजे आशासुद्धा सोडली यांनी. पण रागवायला वेळ नव्हता. तोंड उघडावं तर इतके दिवस जपलेलं उघडं पडतं. गप्प बसावं तर हातोडा पडतो. एरवी ती असल्या गोष्टी हसण्यावारी न्यायची. बँकेत लोकांची कर्जं मंजूर करणारी बाई, भिंत आणि बाळ यांचा काय संबंध, हे तिला कळत नव्हतं थोडंच? पण दोनदा हात पोळलेल्या माणसाचं शहाणपण वेगळं असतं. तिसऱ्यांदा काही झालं, तर ती जन्मभर हीच भिंत आठवत बसणार होती.

पहिला घाव पडला. पोपडा खाली आला.

"थांबा!" कौमुदी ओरडली. घाईत मराठीत ओरडली, मग तमिळमध्ये ओरडली. एळुमलैचा हात वरच राहिला. सईबाईंनी वळून पाहिलं. सुनेचा चेहरा पांढराफटक, आणि दोन्ही हात पोटावर. ते हात तिथे कधी गेले, हे तिलाही कळलं नव्हतं.

"काय झालं मा?" एळुमलैने विचारलं.

सईबाईंची नजर त्या हातांवर खिळली. मग त्यांनी असा काही आवाज चढवला, की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

"काय झालं म्हणून तिला काय विचारतोस? माझं डोकं फुटतंय तुझ्या ठोकाठोकीने! बीपीची बाई मी. माझ्याचसाठी ओरडली ती. ठेव ती छिन्नी खाली!"

"अम्मा, आत्ता तर फोड म्हणालात..."

"म्हणाले, आता नको म्हणते. भिंतीला चिकटवायची प्लास्टिकची पट्टी मिळते ना? तिच्यातून ने वायर. खिळा नको, ड्रिल नको, एक भोक पाडायचं नाही."

"हॉलभर दिसेल अम्मा. देवघरावरून जाईल. घाण दिसेल."

"दिसू दे."

आता या सईबाई कोण, तर भिंतीवर बोटाचा डाग दिसला की घर डोक्यावर घेणाऱ्या. एळुमलैने एकदा त्यांच्याकडे, एकदा सुनेकडे पाहिलं, "शरी अम्मा" म्हणाला आणि छिन्नी पिशवीत टाकली. पडलेला पोपडा त्याने स्वतःच केरसुणीने गोळा केला. दुपारपर्यंत पांढरी पट्टी हॉलभर वाकडीतिकडी चिकटली. जाण्यापूर्वी त्याने गिझर लावून आधी स्वतः नळ धरून दाखवला, मग कौमुदीला धरायला लावला. हाताला गरम पाण्याशिवाय काही लागलं नाही.

तो गेला. आता सासूबाई विचारतील, म्हणून कौमुदी जीव मुठीत धरून स्वयंपाकघरात बसली. सईबाई शेवग्याचा पाला निवडत होत्या. मान खाली. पाला संपला तरी काड्याच निवडत राहिल्या, पण विचारलं नाही.

शेवटी कौमुदीलाच राहवेना. "अहो आई, काहीतरी बोला ना! रागवा हवं तर. त्या वेळेपासून तुम्ही माझ्यावर रागावल्यात, कळतं मला. पण असं गप्प नका बसू."

सईबाईंनी मान वर केली. डोळे भरले होते. "तुजवर रागावू? काय बोलतेस गे?"

"मग वर्षभर एक शब्द नाही तुमचा..."

"तोंड दाबून धरलंय मी, कण्णा." लाडाचा तो तमिळ शब्द उच्चारताना त्यांचा आवाज फुटला. "आधीच्या दोन्ही वेळी मीच बडबडले. तुज सतत विचारलं, देवांना सांगितलं, सांगू नको म्हटलेलंस तरी शेजारणीलाही सांगितलं. माझ्याच तोंडाची दृष्ट लागली पोरांना. म्हणून शपथ घेतली, आता काही दिसलं तरी सई विचारणार नाही. सईचं तोंड बंद राहिलं, तर एखादं पोर राहील."

वर्षभर समोरासमोर जेवायला बसून दोघी आपापला गुन्हा गिळत होत्या, आणि एकीच्या गप्प बसण्याला दुसरी राग समजत होती.

"आई," ती म्हणाली, "दोन्ही वेळी डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. यात कुणाचंच काही चुकलेलं नाही, असं होतं कधीकधी. मी ते घरी येऊन यांना सांगितलं. तुम्हाला सांगायचं सुचलंच नाही मला."

"कुणाचंच नाही?"

"कुणाचंच नाही."

सईबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या लहान मुलीसारख्या हुंदके देऊन रडल्या. कौमुदीने त्यांचे हात धरून ठेवले. हातांना पाल्याचा वास येत होता. बऱ्याच वेळाने त्यांनी नाक पुसलं आणि भीत भीत, अगदी हळू म्हणाल्या, "मग... विचारू?"

"विचारा ना."

"काय खावंसं वाटतं गे तुज?"

कौमुदीला सांगायचं खूप होतं, पण तिला इतकं रडू आलं की एका पदार्थाचंही नाव तोंडातून निघेना.