एकशे चाळीस ग्रॅम

पृथ्वी वाचवण्याचं काम आष्ट्याजवळच्या एका शाळेत जुलैच्या पहिल्या सोमवारी सुरू झालं आणि मंगळवारी चिप्सच्या पाकिटापाशी अडलं. मुख्याध्यापिका विजयमालाबाईंनी डब्यात पाकिटबंद खाऊ आणायला बंदी घातली होती. आयांनी ती तंतोतंत पाळली. पाकीट घरीच फोडलं आणि चिप्स स्टीलच्या डब्यात भरून पाठवले.

बाई ऑगस्टअखेर निवृत्त होणार होत्या. त्यांच्या काळात शाळेला एकही ढाल मिळाली नव्हती. ढालींसाठी केलेल्या काचेच्या कपाटात खडू ठेवत. यंदा सातारा-सांगली मिळून उष्टंमुक्त शाळेची स्पर्धा निघाली. तपासणीच्या दिवशी शाळेच्या आवारात पडलेलं सगळं उष्टं एका बादलीत गोळा करायचं, ज्यांची बादली हलकी त्यांना ढाल. बाईंना ती हवी होती. निरोपाच्या भाषणात स्वतःबद्दल बोलण्यासारखं काहीतरी असावं, एवढीच अपेक्षा.

सरावाच्या पहिल्या दिवशी बादली नऊ किलो भरली. शिपाई बिराप्पानं ताणकाट्यावरचा आकडा दोनदा वाचला, कमी होईना.

बाईंनी आयांची सभा घेतली. "पोराला जेवढं संपतं तेवढंच डब्यात घाला."

सातवीतल्या जयराजची आई राहीबाई उठली. "आवं बाई, येक भाकरी जास्तीची असतीया, ती शेजारी बसणाऱ्याची. त्याला काय न्हाई म्हणायचं व्हय?"

"शेजारच्याच्या डब्यातही जास्तीची असतेच की."

"मग त्यो त्याच्या शेजारच्याला दील!"

सभेनं माना हलवल्या. हा हिशेब मोडण्यासारखा नव्हता, म्हणून बाईंनी तोच कामाला लावला. दुसऱ्या दिवसापासून मधोमध परात आली. जेवायला बसण्याआधीच जास्तीची भाकरी परातीत टाकायची, भूक असेल त्यानं उचलायची. दहावीची पोरं कबड्डी खेळून यायची आणि परात धुतल्यासारखी करून ठेवायची. पंधरा दिवसांत बादलीत मिरच्यांचे देठ आणि कढीपत्ता, एवढंच उरायला लागलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष लालासाहेब आले. "बाई, कमिटीच्या जेवणाचं काय?"

"त्यांना डबे आणायला सांगितलंय."

लालासाहेबांनी टोपी काढली, परत घातली. "पाव्हण्यानं डबा आणायचा? गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याच्या सीलबंद बाटल्यांची खोकी आणली. ती बाईंनी फाटकातूनच परत पाठवली. पुरणपोळ्यांची पाटी मात्र परत पाठवता येईना, कारण मागे लालासाहेबांच्या पत्नी स्वतः तुपाची बरणी घेऊन उभ्या होत्या.

कमिटीचे तिघं आणि संस्थेचे पाच संचालक पंगतीला बसले. लालासाहेब जातीनं वाढत होते. पाहुण्याचं ताट चाटूनपुसून स्वच्छ दिसलं तर तो अर्धपोटी उठला, असं त्यांच्या घरात तीन पिढ्या मानत आले होते.

"साहेब, येक घ्या."

"झालं, झालं," कमिटीप्रमुख हंबीरराव म्हणाले.

"न्हाई म्हणायचं न्हाई. गूळ मळ्यातला हाय."

हंबीररावांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. लालासाहेबांनी पोळी हातांवर ठेवली आणि वर तूप सोडलं.

"लालासाहेब, पुरे आता," बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "बादली आहे आपली."

"तुमी काळजी करू नका. असं जेवल्यावर कमिटी ढाल दुसऱ्याला दील का?"

पंगत उठली. बिराप्पानं आधी मुलांची बादली टांगली. एकशे चाळीस ग्रॅम. मग त्याच बादलीत आठ ताटं पुसली. तीन किलो शंभर.

"आमचं धरू नका," हात पुसत हंबीरराव म्हणाले.

कमिटीतल्या रेश्मा मॅडमनी कागद पाहिला. "नियमात आवारातलं सगळं असं आहे, सर. मसुदा तुमचाच होता."

"मुलांचं वेगळं लिहा तरी," बाई म्हणाल्या.

"रकाना एकच आहे, मॅडम."

बाईंनी सही केली. लालासाहेब पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले आणि जाताना प्रत्येकाच्या हातात चार चार पोळ्या बांधून दिल्या.

ढाल कोरेगावकडच्या एका शाळेला मिळाली. तिथली बादली शून्य ग्रॅम भरली. कमिटी तिथे शनिवारी दुपारी पोचली होती, आणि शनिवारची शाळा सकाळी साडेदहालाच सुटते.