हलायचं नाही, बाबा

दिवसभर लोकांच्या डोक्यांवर वाकून केस कापणाऱ्या बाईची पाठ कुरकुरणारच. म्हणून योगाच्या बाईंनी मला रोजचा विसावा लावून दिला होता. जमिनीवर सतरंजी, पोटऱ्या खुर्चीवर, डोळे मिटायचे, अंग सैल सोडायचं. उठताना घाई नाही. आधी कुशीवर, मग हाताचा आधार. आधी मला ही सगळी आळशांची थेरं वाटली. पण आठवड्याभरात पाठीची कुरकुर कमी झाली आणि माझीही.

बाबा पलंगावर बसून बघायचे. "झालं का पडून? भाग्य आहे बाई एकेकीचं!" म्हणायचे. त्यांचं डोकं अलीकडे कधी ठिकाणावर असायचं, कधी नसायचं. एकदा दूध गॅसवर ठेवून विसरले आणि पातेल्याचा कोळसा झाला. तेव्हापासून मी लायटर माझ्या पर्समध्ये ठेवायला लागले. फार शहाणी समजत होते मी स्वतःला.

त्या संध्याकाळी दुकानातून आले आणि पडले. बाबा पलंगावर झोपले होते. माझाही डोळा लागला असावा. जाग आली तेव्हा पलंग रिकामा होता आणि स्वयंपाकघरातून बारीक, सलग सूंऽऽ असा आवाज येत होता. मग कपाटाचं दार वाजलं.

"बाबा?"

"तू पड गं. काडेपेटी शोधतोय मेली... ही काय, सापडली!"

वीज गेली तर असावी म्हणून मीच ती मेणबत्त्यांमागे ठेवली होती आणि साफ विसरले होते.

मी ताडकन उठायला गेले आणि पाठीत अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. कंबर आवळून आली. उलट्या पडलेल्या झुरळासारखी मी नुसते हात हलवत राहिले. गॅस जड असतो, खाली साठतो, असं सिलिंडरवाल्याने एकदा सांगितलं होतं. मी तर जमिनीवरच होते, आणि वास यायला लागला होता.

"बाबा, काडी ओढू नका! गॅस सुटलाय!"

"सुटलाय कसला, पेटलाच नाही अजून." ते दारात आले. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात काडी.

ओरडलं की बाबा हट्टाला पेटतात, नको म्हटलेलं मुद्दाम करतात, हे मला माहीत होतं. मी आवाज खाली आणला.

"बाबा, माझी पाठ धरलीय. इथे माझ्याजवळ येऊन पडा ना. मला एकटीला भीती वाटते."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

ते आले. कण्हत खाली बसले, आडवे झाले, आणि खुर्चीवर माझ्या पायांशेजारी त्यांनी आपलेही पाय टाकले.

"डोळे मिटा. मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

"तू आधी श्वास सोड," ते म्हणाले. "बाई रोज काय सांगतात तुला? अंग सैल."

घाबरावं तितकी पाठ जास्त आवळत होती. म्हणून त्या वासातच मी श्वास सोडला. पुन्हा सोडला. छातीत धडधड चालू होती, तरी कंबर हळूहळू सुटली. कुशीवर वळले. हाताचा आधार घेतला. सरपटत ओट्याखाली गेले आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला. ओट्याला धरून उभी राहिले, शेगडीचं बटण फिरवलं, खिडकी उघडली, दार सताड उघडलं. दिव्याच्या बटणाला मात्र हात लावला नाही.

मग मागे वळून पाहिलं. बाबा निपचित पडले होते. छाती हलतेय की नाही तेच कळेना.

"बाबा! अहो बाबा!"

एक डोळा किलकिला झाला. "केवढ्याने ओरडतेस! तूच म्हणालीस ना, हलायचं नाही?"

मी त्यांच्याजवळ बसून ढसाढसा रडले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. काडी त्यांच्या दुसऱ्या मुठीत तशीच होती.

"रोज बघतो मी, किती दुखते तुझी पाठ," ते म्हणाले. "म्हटलं, आज उठलीस की आयता चहा हातात द्यावा."

मी मुठीतून काडी काढून घेतली, सतरंजीवर पडलेली पेटीही उचलली. उद्या सकाळी मी दुकानात असणार होते आणि ते घरात एकटे.

बाबा उठायला लागले. आधी कुशीवर, मग हाताचा आधार, अगदी बाईंनी सांगितल्यासारखं.

"बरं वाटतंय ना आता?" ते म्हणाले. "मग ठेवतो चहा." आणि ओट्याकडे निघाले.