नकारातलं 'येट'

सुनेनं उद्या घालायच्या शर्टाची बाही उलटवली, तिच्यावर इस्त्री टेकवली आणि वाक्य पुन्हा म्हटलं, "यू हॅव ब्रॉट द रिपोर्ट."

"आता प्रश्न कर," सासरे पलंगावरून म्हणाले.

"हॅव यू ब्रॉट द रिपोर्ट?"

उद्या डोळ्यांच्या दवाखान्यात तिची मुलाखत होती. काउंटरवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी इंग्रजीत बोलायचं काम. सासऱ्यांनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं. कंबरेचं हाड मोडल्यापासून ते अंथरुणाला खिळले होते, पण व्याकरणात अजूनही कुणाची गय करत नसत. 'हॅव' उचलून पुढे ठेवलं की प्रश्न, त्याच्या पाठीला 'नॉट' चिकटवलं की नकार, यात अवघड काय आहे, असं ते दहादा विचारत. अवघड काहीच नव्हतं. तिचंच चित्त थाऱ्यावर नसायचं.

नवरा कामासाठी दूरच्या शहरात गेला होता. माझी वाट बघू नकोस, मी इथं दुसरा संसार मांडलाय, असं त्यानं उन्हाळ्यातच फोनवर सांगून टाकलं होतं. म्हाताऱ्या जिवाला हे सोसायचं नाही, म्हणून तिनं ते पोटात ठेवलं. काम लांबलंय, असं ती सांगे आणि सासरे नुसते हुंकार देत.

"आता नकार. माय हजबंड हॅज कम होम."

तिचा हात थांबला. एरवी ते दवाखान्यातलीच वाक्यं घालत.

"माय हजबंड हॅज नॉट कम होम येट."

"येट कशाला?"

"तुम्हीच म्हणालात ना बाबा, नकारात येट लावतात म्हणून."

"लावतात. पण अजून व्हायची आशा असेल, तिथंच." ते छताकडे बघत होते. "इथलं काढ."

बाहीचा करपट वास आला तशी तिनं इस्त्री उचलून बाजूला ठेवली.

"तुम्हालाही फोन केला त्यांनी?"

तुला ठाऊक नसेल, कळलं तर कोसळशील, म्हणून आपण गप्प राहिलो, असं सासरे हळू आवाजात सांगू लागले आणि मध्येच अडखळले.

ती पलंगाच्या कडेला टेकली. तिनं वाक्य पुन्हा म्हटलं, शेवटचा शब्द गाळून.

"बरोबर," मास्तर म्हणाले. पुढचं वाक्य काही केल्या त्यांना सुचेना.