बर्लिनला गेलेल्या दोन चिठ्ठ्या

नागपूरला बी.ए. झालेला जागेश्वर गोंदियाच्या एका लाखेच्या कारखान्यात कारकून होता. पळसाच्या, कुसुमाच्या झाडांवरची लाख तिथं धुऊन, वितळवून तिचा चपडा, म्हणजे शुद्ध लाखेचे पातळ पापुद्रे, करत आणि पेट्या भरून हॅम्बुर्गला पाठवत. पेट्यांवर ते नाव रंगवून घेणं जागेश्वरकडे होतं. ही लाख तिकडे कोण घेतं, कशाला घेतं, पुढं कुणाला विकतं, हे कारखान्यात कुणालाच सांगता येत नव्हतं. ते न कळणं त्याला स्वस्थ बसू देत नसे.

१९२२च्या दिवाळीत एका वर्गमित्राचं बर्लिनहून पत्र आलं. लढाईनंतर जर्मनीचं चलन कोसळलं होतं आणि बाहेरून पौंड घेऊन येणाऱ्याला तिथं सगळंच स्वस्त झालं होतं. व्यापारशास्त्राची वरची पदवी, खोली, जेवण, सगळं. जागेश्वरनं पगारातून मागं टाकलेले पैसे लंडनला चार महिनेही पुरले नसते. बर्लिनला दोन वर्षं पुरणार होते.

त्यानंतर तो गोंदियाजवळच्या कामठा गावी घरी आला की एका जागी टिकेना. जेवता जेवता उठायचा. धानाच्या बांधीवरून जर्मन शब्द पुटपुटत फिरायचा. वडील दुधराम एकदा म्हणाले, "इथं काय कमी आहे तुले? कायले जातेस?" तो उठून परत बांधीकडे गेला. पासपोर्टला आठ महिने लागले. पोलीस दोनदा चौकशीला आले, तेव्हा यानं काय केलं असेल याची गावात चर्चा झाली. शेवटी १९२३च्या ऑगस्टात तो निघाला. बायकोला, शामकलाला, त्यानं दोन वर्षांत येतो एवढं सांगितलं. ती एकोणीस वर्षांची होती. तिनं मान हलवली. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

तो गेला आणि त्याची तगमग जणू तिच्याकडे आली. विहिरीवर गेली की घागर भरायची विसरायची. रस्त्यानं कुणी येताना दिसलं की डाकवाला वाटायचा.

पत्रं यायची ती ईश्वरदास गुरुजी अंगणात मोठ्यानं वाचायचे. अर्धी गल्ली ऐकायला जमायची. पत्रात बर्फ असायचं, ट्राम असायची, रोजचे बटाटे असायचे. खोली देणाऱ्या विधवेची जन्माची पुंजी एका पावाच्या किमतीची झाली, तिच्या नुकसानीवर मी स्वस्तात राहतो, घास गिळवत नाही, असंही एकदा होतं. शेवटी 'घरात सर्वांना नमस्कार'. त्या सर्वांमध्ये शामकला यायची.

ती दुपारी गुरुजींच्या बायकोकडे, सुमित्राबाईंकडे, तांदूळ निवडायला म्हणून जाऊ लागली आणि अक्षरं शिकू लागली. रेघ सरळ यायची नाही, पण तीन-चार महिन्यांत ती वाचू-लिहू लागली.

जानेवारीत पत्र आलं. जर्मन सरकारनं नवं चलन काढलं होतं आणि स्वस्ताई एका महिन्यात संपली होती. दोन वर्षांचे पैसे आता होळीपर्यंतही पुरणार नव्हते. परतीचं भाडं त्यानं वेगळं ठेवलं होतं. एक तर निघून यावं, नाही तर एका लाखेच्या व्यापाऱ्याकडे दिवसभर काम करून संध्याकाळच्या वर्गाला जावं. त्यात तीन वर्षं गेली असती. 'घरचे म्हणतील तसं करतो,' असं त्यानं लिहिलं होतं.

दुधरामनं गुरुजींकडून तिथंच उत्तर लिहून घेतलं. लगेच निघून ये. गुरुजी गेल्यावर शामकला आतून एक घडी केलेला कागद घेऊन आली.

"मामाजी, हेबी त्याच लिफाफ्यात घाला."

"हे कोणं लिवलं?"

"मी."

सासऱ्यांनी कागद उलटसुलट केला. त्यांना वाचता येत नव्हतं. काय लिहिलंय म्हणून त्यांनी विचारलं.

"अर्धं सोडून येऊ नका, असं लिवलं."

दुधरामना राग आला होता, आणि या पोरीनं न सांगता लिहिणं शिकून घेतलं याचं नवलही वाटत होतं. मग दोन्ही कागद त्यांनी लिफाफ्यात घातले. "दोनी जाऊ दे," ते म्हणाले. "त्याले कळंल काय करायचं ते."

जागेश्वर आला नाही.

तो १९२७ च्या मार्चात गोंदियाला उतरला. चष्मा लागला होता, गालफडं बसली होती. पदवी मिळाली होती, आणि हॅम्बुर्गच्या एका पेढीनं गोंदियात लाख खरेदी करायचं काम त्याच्याकडे दिलं होतं. दुधरामनं गावजेवण घातलं.

पाहुणे पांगल्यावर नवराबायको पहिल्यांदा एकटे भेटले, परसात, उन्हं कलताना. जागेश्वर म्हणाला, की त्या दोन चिठ्ठ्या हातात पडल्या तेव्हा त्याचं सामान बांधलेलं होतं. घरून बोलावणं येईल याचीच तो वाट पाहत होता.

"तुझी चिठ्ठी वाचून मी राहिलो, पण दोन महिने तुझ्यावर राग होता," तो म्हणाला. "वाटलं, इले मी नकोच आहो."

"तुमी आले असते तर रोज बांधीवर फिरत राहिले असते," शामकला म्हणाली. "अन् म्हणाले असते, घरच्यायनं बोलावलं म्हणून अर्धं राहिलं. मले ते आयकायचं नव्हतं. पण मी हे साडेतीन वर्सं कशी काढली, ते तुमी एकाबी चिठ्ठीत नाही विचारलं."

हे खरं होतं.

"आता विचारतो," तो म्हणाला.

शामकला दोरीवरचे कपडे काढून, घड्या करून आत ठेवून आली. मग त्याच्यापासून हातभर अंतरावर पायरीवर बसली आणि तो गेला त्या ऑगस्टापासून सांगू लागली. दोनदा तो उठून येरझारा घालू लागला. दोन्ही वेळा ती बोलायची थांबली, आणि तो परत येऊन बसल्यावरच पुढं सांगू लागली.